बाजाराखालचा नाला: गावातील झाकलेल्या प्रवाहांचा इतिहास शोधण्याची पद्धत

आमच्या तालुक्याच्या गावी आठवडी बाजारात मिरची आणि लसणाचे ढीग ज्या ओळीत लागतात, त्या ओळीखाली सिमेंटचा स्लॅब आहे आणि स्लॅबखाली नाला आहे. उन्हाळ्यात त्याची आठवण कोणालाही येत नाही. श्रावणात झड लागली आणि दोन दिवस उघडीप मिळाली नाही, की स्लॅबच्या सांध्यांतून काळपट पाणी वर येऊ लागते आणि उताराकडच्या मोहल्ल्यात घरांच्या जोत्यावर चढते. तेथील बायका धान्याची पोती खाटेवर आणि मग खाटेवरून माळ्यावर चढवतात. त्यांच्यापैकी एका घरच्या माउलीने मला एकदा विचारले की हे पाणी मुळात येते तरी कोठून, आणि मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून मी आमच्या गावाखालच्या पाण्याचा माग काढत आलो आहे. त्या अनुभवावरून ही पद्धत येथे टप्प्याटप्प्याने मांडतो आहे. विदर्भातील कोणत्याही जुन्या कसब्याला किंवा मोठ्या गावाला ती लागू पडावी.

मोठ्या शहरांत असा शोध पुष्कळांनी घेतला आहे. लंडनची फ्लीट नदी अठराव्या शतकापासून टप्प्याटप्प्याने झाकली गेली आणि आज ती रस्त्यांखालून गटार होऊन वाहते. आपल्याकडे नागपूरला ज्या नदीने नाव दिले ती नाग नदी बराच काळ शहराचे सांडपाणी वाहत आली, आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडल्यावर तिच्या काठच्या वस्त्यांना तिची जागा कोणती हे काही तासांत कळले. लहान गावांकडे मात्र कोणी लक्ष दिलेले नाही. आपल्या नाल्यांवर ना पुस्तक आहे ना नकाशा, आणि ज्यांनी ते उघडे वाहताना पाहिले ती माणसे आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत. म्हणून हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये.

आधी काय शोधायचे ते ठरवावे

जमिनीखालच्या पाण्याच्या वाटा तीन प्रकारच्या असतात आणि त्यांची गल्लत झाली की पुढचा सगळा तपास चुकतो. पहिला प्रकार नैसर्गिक नाल्याचा. तो गावाच्या आधीपासून आहे आणि पुढे त्यावर फरशी किंवा स्लॅब पडला आहे. दुसरा प्रकार माणसाने सांडपाण्यासाठी काढलेल्या नाल्यांचा, म्हणजे विदर्भात ज्या रस्त्याकडेच्या मोरीला आपण ‘नाली’ म्हणतो तिचा. ती आधी मातीची होती, नंतर दगडी झाली आणि शेवटी सिमेंटची. तिसरा प्रकार पिण्याचे किंवा ओलिताचे पाणी आणणाऱ्या जुन्या पाटांचा व भूमिगत नळांचा. वऱ्हाडाला लागून असलेल्या बऱ्हाणपुरात सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेला कुंडी भंडारा हे त्याचे मोठे उदाहरण आहे. अशी व्यवस्था आपल्या गावात असेलच असे नाही, पण एका ओळीत ठराविक अंतरावर विहिरीसारखी बांधीव तोंडे दिसली तर त्या शक्यतेची नोंद करून ठेवावी.

पहिला आणि दुसरा प्रकार वेगळा करण्याची एक सोपी खूण आहे. काळ्या मातीतला नाला स्वतःहून शे-दोनशे पावले सरळ जात नाही. जेथे तो सरळ आहे तेथे माणसाचा हात लागलेला आहे असे समजून त्याचे कारण शोधावे.

उन्हाळ्यातील पायपीट

पहिली फेरी चैत्र-वैशाखात करावी. गवत वाळलेले असते, झुडपांची पाने झडलेली असतात आणि जमिनीचा उतार उघडा पडतो. आपल्याकडे पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, म्हणून पहाटे निघून नऊच्या आत परतावे. सोबत वही, मोबाइल, मोजपट्टी, काठी आणि पाणी पुरे. मोरीच्या तोंडाशी हात घालू नये. त्या सावलीला विंचू आणि घोणस दोन्ही असतात.

सुरुवात गावाच्या वरून करू नये, खालून करावी. गावाचे सगळे पाणी जेथे नदीला किंवा मोठ्या नाल्याला मिळते ते तोंड आधी गाठावे आणि तेथून प्रवाहाच्या उलट दिशेने चालत यावे. वरून निघालेल्या माणसाला प्रत्येक घळ नाल्यासारखी वाटते आणि तो वावरांत भरकटतो. खालून निघालेल्याला पाणी स्वतःच वाट दाखवते. उघडा नाला जेथे पहिल्यांदा रस्त्याखाली, भिंतीमागे किंवा दुकानाच्या ओट्याखाली नाहीसा होतो ती जागा मोबाइलच्या नकाशावर खुणावून ठेवावी, कारण पुढचा सगळा माग तेथून लावायचा आहे.

झाकलेल्या भागात जमिनीवरच्या खुणांवर भिस्त ठेवावी लागते. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते, हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोराला सांगावे लागत नाही. भरावाखाली ओल टिकून राहिली तर उन्हाळ्यात आजूबाजूच्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या पट्ट्यात मात्र जमीन बंद राहते. भरावावरच्या घरांच्या भिंतींना खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरप्या चिरा जातात. रस्ता त्याच जागी दर पावसाळ्यानंतर खचतो आणि दर दिवाळीला तेथे गिट्टी पडते. झाडेही साक्ष देतात. भर वस्तीत उंबर, करंज, जांभूळ किंवा शिंदीची झाडे वाकड्यातिकड्या पण एकाच माळेत दिसली, तर ती बहुधा जुन्या काठावर उभी आहेत. रिकाम्या प्लॉटवर लव्हाळा, पाणकणीस किंवा बेशरम माजली असेल तर खाली पाणी दूर नाही.

विहिरींसाठी एक वेगळा दिवस द्यावा. नाल्याच्या जुन्या पात्रालगतच्या विहिरींत पाणी सहसा वर असते आणि उन्हाळ्यात उशिरापर्यंत टिकते. दोरीला गाठी मारून प्रत्येक विहिरीतील पाण्याची खोली एकदा वैशाखात आणि एकदा पोळ्यानंतर मोजावी, सोबत काठाची जमीन शेजारच्या विहिरीपेक्षा अंदाजे किती उंच आहे तेही लिहावे. खारपाण पट्ट्यात, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातील अकोला, अमरावती व बुलडाणा जिल्ह्यांच्या गावांत, पाण्याची चवही विचारावी. खाऱ्या विहिरींच्या मध्ये एखादी गोडी विहीर असेल तर तिला जुन्या प्रवाहाचे पाझरलेले पाणी मिळत असण्याची शक्यता तपासण्यासारखी असते.

पावसातील फेरी

उन्हाळ्यात तयार झालेला कच्चा आराखडा मृगाच्या पहिल्या दमदार पावसात पडताळून पाहावा. पाऊस चालू असताना आणि थांबल्यावर अर्ध्या तासाने, अशी दोन वेळा तीच वाट चालावी. पहिल्या वेळी पृष्ठभागावरचे पाणी कोणत्या चौकात जमते ते दिसते. दुसऱ्या वेळी, आजूबाजूच्या नाल्या ओसरल्यावरही कोठे पाण्याचा आवाज येत राहतो ते ऐकू येते. स्लॅबच्या सांध्याला कान लावला तर खाली मोठा प्रवाह आहे की नुसते साचलेले पाणी आहे एवढे कळते. फुगलेल्या नाल्यावरच्या जुन्या स्लॅबवर किंवा वाहत्या रपट्यावर (नाल्यातल्या ठेंगण्या फरशी-पुलावर) मात्र पाऊल टाकू नये. पाणी गुडघ्यापर्यंत दिसत असले तरी खालचा भराव गेलेला असू शकतो.

कागदपत्रे: विदर्भाची दोन दप्तरे

येथे थोडे थांबून समजून घेणे आवश्यक आहे, कारण पश्चिम महाराष्ट्राच्या अनुभवावरून लिहिलेल्या सूचना आपल्याकडे अर्ध्याच उपयोगी पडतात. वऱ्हाड, म्हणजे आजचे अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा आणि यवतमाळ हे जिल्हे, १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि तेथे रयतवारी पद्धत, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून घेण्याची पद्धत, बसली. नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर हा भाग १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांतात होता आणि तेथे मालगुजारी, म्हणजे मालगुजारामार्फत गावाचा सारा घेण्याची पद्धत, होती. १९०३ मध्ये दोहोंचा कारभार एकत्र आला, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. त्यामुळे वऱ्हाडातील गावाचे दप्तर आणि वैनगंगेकाठच्या गावाचे दप्तर यांची भाषा, नकाशाची धाटणी आणि शब्द वेगळे असतात. एकीकडे सर्व्हे नंबर भेटतो, दुसरीकडे त्याच अर्थाचा खसरा. जुनी मराठी कागदपत्रे मोडीत असतात. मोडी वाचणारा माणूस आधी गाठून ठेवला तर पुढे महिने वाचतात.

सर्वांत आधी तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयातून गावाच्या मूळ नकाशाची नक्कल मागावी. ‘मूळ’ या शब्दावर भर द्यावा, कारण नंतरच्या दुरुस्त नकाशात नाला पुष्कळदा बारीक झालेला असतो. जुन्या नकाशावर मोठा नाला दोन रेघांत दाखवलेला असतो आणि त्या पट्टीला सर्व्हे नंबर नसतो. यामागे कारण आहे: नदी, ओढे, नाले आणि तलाव यांचे तळ शासनाच्या मालकीचे असतात, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० मध्ये स्पष्ट सांगितले आहे. बिननंबरी पट्टी सापडली की तिच्या दोन्ही बाजूंचे सर्व्हे नंबर लिहून घ्यावेत आणि त्यांचे सातबारे व जुने फेरफार पाहावेत.

लहान नाला मात्र स्वतंत्र पट्टी न होता कोणाच्या तरी वावरात समाविष्ट झालेला असतो, आणि त्याची खूण सातबाऱ्यातील पोटखराबाच्या रकान्यात उरते. लागवडीस अयोग्य म्हणून वगळलेल्या या क्षेत्राच्या ‘ब’ वर्गात रस्ते, पायवाटा आणि पाण्याचे प्रवाह यांसारख्या सार्वजनिक वापराच्या जागा येतात. वावर अकृषक होऊन त्याचे ले-आउट पडले, प्लॉट विकले गेले, घरे उभी राहिली, तरी जुन्या सातबाऱ्यावर त्या काही गुंठ्यांची नोंद राहते. आमच्या गावातील एका ले-आउटमधून नाला जात होता ही गोष्ट मला कोणत्याही नकाशावरून कळली नाही. ती या एका रकान्यावरून कळली.

गावठाणाच्या आत सातबारा नसतो. विदर्भातील कसब्यांत त्याऐवजी नझूलचे, म्हणजे वस्तीतील सरकारी जमिनीचे, शीट आणि प्लॉटवार आखीव पत्रिका (मिळकतीचे उतारे) असतात. नझूल शीट मोठ्या मापाने, लहान जागाही मोठी दिसेल असे, काढलेले असल्याने त्यात प्रत्येक बोळ, विहीर आणि मोरी दिसते, आणि आपल्या कामासाठी हा कागद सोन्यासारखा आहे. घरांच्या मागच्या हद्दी एका ओळीत वळत गेलेल्या दिसल्या आणि त्या वळणाला कोणताही रस्ता कारणीभूत नसेल, तर ती हद्द बहुतेक वेळा जुन्या काठाची असते. खेड्यांच्या गावठाणांसाठी स्वामित्व योजनेतील ड्रोन मोजणीचे नकाशेही आता मिळतात. योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली आहे. ते आजची स्थिती अचूक दाखवतात, म्हणून तुलनेसाठी चांगले.

दोन कागद खास विदर्भाचे आहेत आणि ते बहुतेकांना ठाऊक नसतात. निस्तार पत्रकात गुरांना पाणी पाजणे, चराई, लाकूडफाटा अशा गावाच्या सामाईक हक्कांची नोंद असते. वाजिब-उल-अर्जमध्ये ओलित, वाट-वहिवाट आणि मासेमारीच्या रूढी लिहिलेल्या असतात. जमीन महसूल संहितेत या दोहोंसाठी विदर्भापुरती वेगळी कलमे आहेत. धोब्यांनी कपडे कोठे धुवावेत, ढिवरांनी मासे कोठे धरावेत, आखरावरची गुरे कोणत्या डोहावर न्यावीत, अशा नोंदीवरून आज कोरड्या दिसणाऱ्या जागी कधी बारमाही पाणी होते हे कळते. पूर्व विदर्भातील वाचकांनी माजी मालगुजारी तलावांच्या नोंदीही पाहाव्यात. गावातून जाणारा ‘नाला’ मुळात अशा एखाद्या तलावाच्या सांडव्याची वाट किंवा बोडीकडे, म्हणजे लहान तळ्याकडे, जाणारा पाट असू शकतो. मालगुजारी संपवणारा कायदा १९५० चा आणि त्याचा अंमल १९५१ चा, म्हणून त्याच्या आधीचे आणि नंतरचे कागद दोन्ही मागावेत.

कार्यालयात जाताना अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी, आणि सर्व्हे नंबर किंवा शीट क्रमांक नेमका लिहावा. ‘नाल्याची माहिती द्यावी’ अशा मोघम अर्जाला मोघमच उत्तर येते. एका कार्यालयाने मला असा नकाशा नाहीच असे दोनदा तोंडी सांगितले आणि तिसऱ्या खेपेस, माहिती अधिकाराच्या अर्जावर, तोच नकाशा दिला. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील जुने अभिलेख महसूल विभागाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर पाहता येतात, म्हणून तेथील वाचकांनी आधी घरूनच शोध घ्यावा.

नकाशे आणि आकाशातून घेतलेली छायाचित्रे

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. त्यात गावाबाहेरचा नाला चांगला दिसतो, पण गावात शिरल्यावर रेघ तुटते. जुने ‘इंचाला मैल’ प्रमाणाचे नकाशे ग्रंथालयांत भेटले तर ते अधिक मोलाचे, कारण त्या वेळी वस्ती लहान होती आणि रेघ पुढपर्यंत काढलेली असते. नागपूरच्या विदर्भ पुराभिलेखागारात आणि जुन्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत विचारणा करावी.

अमेरिकेच्या कोरोना नावाच्या हेर उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात घेतलेली छायाचित्रे १९९५ मध्ये खुली करण्यात आली आणि त्या देशाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर शोधता येतात. आपला तालुका त्यात स्वच्छ आला असेल तर बस स्थानक, ले-आउट आणि बाजार ओटे होण्यापूर्वीचे गाव समोर येते. वावरांच्या फिकट चौकटींतून नाल्याची गडद नागमोडी रेघ जाताना दिसते. जमिनीच्या उंचीची मोफत संगणकीय प्रतिमाने इस्रोच्या ‘भुवन’ या संकेतस्थळावर आहेत, पण त्यांचा एक ठिपका सुमारे ३० मीटरांचा असतो आणि आपला नाला दहा मीटरांचाही नसतो. संगणकाने काढलेली निळी रेघ गावाबाहेर मानावी, गावात मानू नये.

गावाबाहेर एक सावधगिरी आहे. डिसेंबर २०१४ मध्ये जाहीर झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात अनेक नाल्यांचे खोलीकरण व रुंदीकरण झाले, तेव्हा आज दिसणारे रुंद, सरळ पात्र जुने समजू नये.

मोऱ्या, पूल आणि रूळ

कागदावर साल नसले तरी बांधकामावर ते असते. चुन्यातील दर्जेची रेघ पिवळसर पांढरी दिसते आणि किल्लीने खरवडली तर भुगा पडतो. सिमेंट राखाडी असते आणि किल्ली घसरते. भारतात सिमेंटचे यशस्वी उत्पादन १९१४ मध्ये पोरबंदरला सुरू झाले आणि काँक्रीटचे ह्यूम पाइप बनवणारी भारतीय कंपनी १९२६ ची आहे. म्हणजे खेड्यातील ह्यूम पाइपची मोरी १९२६ च्या आधीची असणे कठीण, आणि बहुतेक ठिकाणी ती स्वातंत्र्यानंतरचीच असते. काळ्या दगडाची, चुन्यातील कमानदार मोरी मात्र निःसंशय जुनी, आणि जिथे ती आहे तिथे नाला तेव्हाही होता.

रेल्वेचा भराव हा तर नाल्यांचा साक्षीदारच आहे, कारण प्रत्येक प्रवाहासाठी त्यात मोरी ठेवावी लागते आणि प्रत्येक मोरीला क्रमांक असतो. १८६७ मध्ये नागपूरला पोहोचलेला मुख्य मार्ग असो किंवा विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूरकडे गेलेली शकुंतला नावाची छोटी रेल्वे असो, भरावाखालच्या मोऱ्या मोजल्या तर त्या काळी किती पाण्याच्या वाटा मानल्या गेल्या होत्या हे कळते. आज कोरड्या दिसणाऱ्या रानात मोठ्या गाळ्याची मोरी असेल तर वरचा नाला कोठेतरी वळवला गेला आहे. चालू मार्गावर भरावावर चढू नये. मोरी खालून, वावराच्या धुऱ्यावरून पाहता येते.

आमच्या बाजारात स्लॅबचा एक तुकडा दुरुस्तीसाठी उघडला होता तेव्हा मी दोन तास तेथे उभा होतो. वरचे सिमेंट हातभर जाड होते. त्याखाली आडवे टाकलेले तीन जुने रूळ होते, गंजून पापुद्रे सुटलेले, आणि रुळांखाली चुन्याच्या बांधणीची दगडी भिंत सरळ खाली उतरलेली होती. रुळाच्या पोटावर कारखान्याचे नाव आणि घडणीचे साल उठावदार अक्षरांत असते. मजुराने पोत्याच्या तुकड्याने घासून दिले तेव्हा अक्षरे वाचता आली, पण सालाचे शेवटचे आकडे गंजाने खाल्ले होते. तरीही भिंत आधीची, रूळ नंतरचे आणि सिमेंट त्याही नंतरचे, असा तीन पिढ्यांचा क्रम डोळ्यांसमोर उभा राहिला. असे खोदकाम गावात चालू झाल्याचे कळले की हातातले काम टाकून जावे. दुसऱ्या दिवशी ते बुजवलेले असते.

घराच्या पायव्याचे खड्डेही असेच पाहावेत. काळ्या मातीखाली सहसा पिवळसर माती आणि मग मुरूम लागतो. मध्येच वाळूचा थर, गुळगुळीत गोल गोटे आणि गोगलगायीचे शंख निघाले तर आपण जुन्या पात्रात उभे आहोत.

माणसांना विचारणे

माझी सर्वांत मोठी चूक येथे सांगणे योग्य होईल. गावाच्या मूळ नकाशावर नाला जिनिंगच्या, म्हणजे कापसाची सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, मागून वळसा घेत जातो असे दाखवले होते, आणि प्रत्यक्षात तो दुकानांच्या मागून सरळ जातो. नकाशा काढणाऱ्याची चूक झाली असे मी ठरवले आणि जवळजवळ वर्षभर तसेच धरून चाललो. मग उताराकडच्या मोहल्ल्यातील एका आजीजवळ बसलो असता ती सहज म्हणाली, “तो इकून नोता जात, बापू. जिनाच्या मांगून जाये. मंग जिनवाल्यानं फिरवला, तवापासून आमच्या घरात पानी शिरते.” पुढे जिनिंगमागच्या एका पायव्यात गोल गोटे निघाले आणि आजीचे व नकाशाचे दोघांचेही खरे ठरले. सरळ रेघेचे कारण मी शोधायला हवे होते. ते मला एका बैठकीत मिळाले असते.

विचारताना थेट ‘नाला कोठे होता’ असे विचारू नये, कारण उत्तर लगेच ‘इथंच’ असे येते. तुम्ही लहानपणी कोठे पोहत होता, बैल कोठे धूत होता, भुजल्या-गौरी कोठे शिरवल्या जात, पुरात कोणाची म्हैस गेली, सासरी आल्यावर पाणी कोठून भरले, असे प्रश्न विचारावेत. बायकांना वेगळे विचारावे. पाणी त्यांनी भरले आणि धुणे त्यांनी धुतले, म्हणून झिरा कोणत्या महिन्यात आटत असे हे पुरुषांपेक्षा त्यांना नक्की आठवते. जमल्यास आजी-आजोबांना त्या जागेवर नेऊन विचारावे. तेथे उभे राहिल्यावर आठवण पुढे सरकते.

पुऱ्यांची नावे हाही तोंडी दस्तऐवज आहे. रंगाऱ्यांना, धोब्यांना, चामडे कमावणाऱ्यांना आणि कुंभारांना पाण्याजवळ राहावे लागे, पानमळे करणाऱ्या बारी समाजालाही ओलिताची जमीन लागे. रंगारीपुरा, कुंभारपुरा, बारीपुरा, ढिवरपुरा ही नावे कोणत्या क्रमाने लागतात हे नकाशावर मांडले की जुना प्रवाह पुष्कळदा आपोआप दिसतो. त्याबरोबर आणखी एक गोष्ट दिसते आणि ती लिहिलीच पाहिजे. वरचे स्वच्छ पाणी कोणाच्या वाट्याला होते आणि गावभराचे सांडपाणी कोणाच्या दारावरून जात होते, हे जातीने ठरवले होते. ज्या वस्तीत आज पाणी शिरते ती बहुतेक गावांत तीच वस्ती आहे. नाल्याचा इतिहास लिहिताना हे वगळले तर तो इतिहास अर्धा राहील.

नाल्या आणि बंद गटारे

सांडपाण्याच्या नाल्यांचा कालक्रम नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या ठराववह्यांत सापडतो. मध्य प्रांताचा नगरपालिका कायदा १९२२ चा आहे आणि महाराष्ट्राचा १९६५ चा. जुन्या पालिकांच्या वह्या या दोन्ही काळांत विभागलेल्या असतात. ‘नाली बांधकाम’, ‘मोरी दुरुस्ती’, ‘बाजार ओटे’ या शीर्षकांखालचे ठराव साल लिहून उतरवून घ्यावेत. नाला झाकण्याचा निर्णय बहुधा ‘बाजार ओटे’ किंवा ‘रस्ता रुंदीकरण’ या नावाखाली असतो. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांतील नगरांच्या तक्त्यांत सांडपाण्याची व्यवस्था उघडी आहे की बंद याची नोंद दर जनगणनेला येते, त्यावरून बदलाचे दशक निश्चित करता येते.

झाकलेल्या नाल्यात, मोरीत किंवा गटारात कोणत्याही कारणाने उतरू नये आणि पैसे देऊन कोणाला उतरवूही नये. आत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साचलेला असू शकतो. कुजक्या अंड्यासारखा त्याचा वास सुरुवातीला येतो, आणि प्रमाण वाढले की नाक बधिर होऊन वास येणे बंद होते; माणूस धोका टळला असे समजतो आणि तेथेच कोसळतो. त्याला काढायला उतरलेलाही वर येत नाही. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटार साफ करायला उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आत पाहायचेच असेल तर मोबाइल काठीला बांधून, दिवा लावून, तोंडाशी उभे राहून चित्रण करावे. तेवढ्याने भिंत कशाची आहे आणि प्रवाह कोठे वळतो हे दिसते.

नोंदी एकत्र कशा मांडाव्यात

एक मोठा नकाशा घ्यावा आणि प्रत्येक सापडलेल्या जागेला क्रमांक द्यावा. वहीत त्या क्रमांकापुढे पुरावा कोणता ते लिहावे: जमीन, कागद, बांधकाम की माणूस. एकाच प्रकारचा पुरावा असेल तर तुटक रेघ काढावी. दोन वेगळ्या प्रकारचे पुरावे जुळले तरच अखंड रेघ. दोन आजोबांचे एकमत हा एकच पुरावा धरावा, कारण ते एकाच पारावर बसतात. मूळ प्रवाह, वळवलेला प्रवाह आणि बांधीव नाली यांना तीन वेगळे रंग द्यावेत आणि प्रत्येक बदलाजवळ, माहीत असेल तेवढेच, साल लिहावे.

नकाशा लोकांसमोर ठेवण्यापूर्वी नाल्याच्या पट्टीवर आज ज्यांची घरे आहेत त्यांच्याशी बोलावे. आपले घर पाडायला कोणी आले आहे अशी भीती त्यांना वाटते, आणि ती अनाठायी नाही. त्यांच्यापैकी बहुतेकांनी प्लॉट विकत घेतला तेव्हा नाल्याची गोष्ट विकणाऱ्याने सांगितलेली नसते. मी नकाशावर घरमालकांची नावे किंवा प्लॉट क्रमांक लिहीत नाही, फक्त प्रवाह, मोऱ्या आणि पाणी चढते त्या जागा दाखवतो. पाण्याची उंची मात्र भिंतीवरच्या डागावरून मोजून, वर्षासह लिहावी. नगरपरिषदेपुढे बोलताना या आकड्यांचा उपयोग होतो.

एक प्रत ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत पोच घेऊन द्यावी, एक शाळेत आणि एक गावच्या वाचनालयात. आमच्या नकाशाची चौथी प्रत त्या आजीच्या घरी भिंतीला लावलेली आहे. गेल्या पावसाळ्यानंतर तिच्या नातवाने त्यावर शिसपेन्सिलीने एक नवी खूण केली आहे. पाणी यंदा दाराच्या दुसऱ्या पायरीपर्यंत आले होते, आणि ते जिनाच्या बाजूने आले होते.